झटका म्हणजे ताकद नव्हे: जुन्या गाडीचं व्हीटेक नेमकं कधी लागावं?

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आमचा भाचा दारातूनच ओरडला, "मामू, चला, एक चक्कर मारून आणतो. गाडी बघा आता कशी पळते!"

गाडी म्हणजे २००२ सालची होंडा सिटी, दीड लिटरची, व्हीटेकवाली. पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर पुन्हा नोंदणी झालेली, भाचा तिचा तिसरा मालक. इंजिन कंपनीचंच, फक्त सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदललेला. एका गॅरेजवाल्याने तिच्यात एक छोटी पेटी बसवून दिली होती. पेटीवरचं बटण फिरवलं की व्हीटेक किती आरपीएमला लागणार ते बदलतं. त्यासाठी भाच्याने एका महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा दिला होता, आणि घरात आईला सांगितलं नव्हतं.

आम्ही बसलो. बायपासला लागल्यावर त्याने रेस दिली. काटा सहा हजारांपर्यंत गेला तोवर गाडी अशीतशीच होती, आणि मग एकदम मागून कोणी ढकलावं तसा धक्का बसला. भाचा हसला. "आधी हे जाणवतच नव्हतं, मामू!"

आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो. घरी येईपर्यंत डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. आधी जाणवत नव्हतं, मग आता का जाणवतंय? ताकद खरंच वाढली, की धक्क्याच्या आधीची ताकद कमी झाली?

आपल्या वस्त्यांमध्ये गॅरेज लाईनवर पोट असलेली घरं पुष्कळ आहेत. जुन्या गाड्या हौसेने घेणारी मुलंही पुष्कळ आहेत. व्हिडिओ बघून अशा पेट्या बसवल्या जातात, पैसे जातात, कधी कधी इंजिनही जातं. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ या.

इंजिन श्वास कसा घेतं?

सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल आत येतं ते इनटेक व्हॉल्व्हमधून, आणि जळालेला धूर बाहेर जातो तो एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून. हे व्हॉल्व्ह उघडतो कॅमशाफ्ट. शाफ्टवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, त्यांना कॅम म्हणतात. उंचवटा मोठा असेल तर व्हॉल्व्ह जास्त खोल आणि जास्त वेळ उघडतो. लहान असेल तर कमी.

आता थोडं गणित. गाडी उभी असताना इंजिन साधारण ८०० आरपीएमवर फिरतं. म्हणजे अर्ध्या फेरीला, पिस्टन एकदा वरून खाली यायला, सुमारे ३७ मिलीसेकंद लागतात. ६००० आरपीएमला तेच काम ५ मिलीसेकंदांत उरकायचं असतं. तोच सिलिंडर, तोच व्हॉल्व्ह, आणि श्वास घ्यायला वेळ सातव्या हिश्श्याहून थोडा कमी.

म्हणून वरच्या आरपीएमला मोठा कॅम हवा. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहिला तर वेगाने आत येणारी हवा स्वतःच्या जोरावर पिस्टन परत वर निघाला तरी भरत राहते. पण हाच मोठा कॅम खालच्या आरपीएमला नडतो. तिथे हवेला तेवढा जोर नसतो. पिस्टन वर येताना, आत आलेली हवा अजून बंद न झालेल्या व्हॉल्व्हमधून परत बाहेर ढकलली जाते. परिणाम काय? पिकअप जातो, अ‍ॅव्हरेज घटतो, गाडी उभी असताना इंजिन थरथरतं.

साध्या इंजिनात कंपनी मधला कॅम निवडते. दोन्हीकडे थोडं थोडं नुकसान सोसायचं.

एकाच शाफ्टवर दोन स्वभाव

होंडाच्या इंजिनिअरांनी म्हटलं, मधला कशाला, दोन्ही ठेवू. १९८९ मध्ये जपानमध्ये होंडा इंटेग्रा या गाडीत व्हीटेक पहिल्यांदा आलं. १.६ लिटरच्या त्या इंजिनाने टर्बोशिवाय १६० पीएस ताकद दिली, म्हणजे एका लिटरमागे शंभर. त्या काळी रस्त्यावरच्या साध्या गाडीसाठी ही मोठी गोष्ट होती.

आपल्याकडे होंडा सिटी १९९८ मध्ये आली आणि या शतकाच्या सुरुवातीला तिच्यात १.५ लिटरचं व्हीटेक इंजिन आलं. ताकद सुमारे १०६ पीएस. जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये ती अजून मागितली जाते.

या सिटीत एकच कॅमशाफ्ट आहे आणि व्हीटेक फक्त इनटेक व्हॉल्व्हवर चालतं. प्रत्येक सिलिंडरच्या दोन इनटेक व्हॉल्व्हसाठी शाफ्टवर तीन कॅम असतात. बाजूचे दोन लहान, मधला मोठा. त्यांच्यावर तीन रॉकर. खालच्या आरपीएमला बाजूचे दोन रॉकर आपापला व्हॉल्व्ह उघडतात, मधला नुसता हलत राहतो, त्याच्याशी कोणाचा संबंध नाही. ठरलेल्या आरपीएमला गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, एका सोलेनॉइडला करंट देतो. सोलेनॉइड ऑईलची वाट उघडतो. ऑईलच्या दाबाने रॉकरमधल्या पिना सरकतात आणि तिन्ही रॉकर एकमेकांना जखडले जातात. आता हुकूम मधल्या मोठ्या कॅमचा.

कडी लावल्यासारखी ही साधी युक्ती आहे. पण ईसीयू कडी लावण्याआधी बरंच काही बघतो. आरपीएम किती, इंजिनवर लोड किती, गाडीचा वेग किती, इंजिन गरम झालंय का. थंड इंजिनात व्हीटेक लागत नाही. आणि कडी खरंच लागली का, हे कळायला एक प्रेशर स्विच असतो.

कडी कधी लावायची?

इथे मुद्द्याला येतो. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, कोणत्या एका गाडीचे नाहीत.

समजा ४५०० आरपीएमला लहान कॅमवर टॉर्क १२५ न्यूटन-मीटर मिळतो, मोठ्यावर ११५. ५००० ला दोन्हीवर १२०. ५५०० ला लहान कॅमवर ११०, मोठ्यावर १२२.

आता तीन मुलं तीन ठिकाणी पेटी लावतात.

पहिला ४५०० वर लावतो. "लवकर लागलं की लवकर पळेल," असं त्याला वाटतं. पण कडी लागताक्षणी टॉर्क १२५ वरून ११५ वर उतरतो. इंजिनचा आवाज बदलतो, जोरदार होतो, म्हणून त्याला गाडी पळाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ५००० येईपर्यंत तो तोट्यात आहे.

दुसरा ५५०० वर लावतो. टॉर्क १२० वरून घसरत ११० वर आलेला असतो आणि कडी लागताच १२२ वर उडी मारतो. झाला धक्का! पोरगा खूश. पण तो ज्याला नफा समजतोय, ते आधी स्वतःच खणलेल्या खड्ड्यातून वर येणं आहे. ५००० ते ५५०० मध्ये त्याने फुकट ताकद घालवली.

तिसरा ५००० वर लावतो. टॉर्क १२०, कडी लागल्यावरही १२०. काहीच जाणवत नाही. आवाज तेवढा बदलतो. आणि तिघांमध्ये हाच सगळ्यांच्या पुढे असतो.

म्हणजे योग्य जागा तीच, जिथे दोन्ही कॅमच्या टॉर्कच्या रेषा एकमेकींना छेदतात. तिथे धक्का बसत नाही. ज्या गाडीत व्हीटेक लागल्याचं पाठीला कळत नाही, तिची सेटिंग बहुधा बरोबर असते. आमच्या भाच्याला आधी काही जाणवत नव्हतं, कारण कंपनीने ते नीट बसवलं होतं.

दुसरी गोष्ट नीट लक्षात ठेवा. कडीची जागा बदलून इंजिनची कमाल ताकद वाढत नाही. या सिटीची कमाल ताकद ६८०० आरपीएमच्या आसपास येते. तिथे व्हीटेक कसंही लागलेलंच असतं, ते ४५०० ला लागलं काय किंवा ५५०० ला. फरक पडतो तो मधल्या काही शे आरपीएममध्ये. म्हणून कोणी "पेटी लावा, दहा हॉर्सपॉवर वाढवून देतो" म्हणालं, तर त्याला कमाल आकड्याचा आधीचा आणि नंतरचा आलेख मागा.

मग हात लावावाच कशाला?

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की इंजिनची हवा बदलली तर रेषा जिथे छेदतात ती जागाही सरकते. मोकळा एअर फिल्टर, चांगला हेडर, कमी अडवणारा सायलेन्सर बसवला की वरच्या आरपीएमला श्वास सुटा होतो. त्याचा फायदा मोठ्या कॅमला जास्त मिळतो. मग छेदण्याची जागा थोडी खाली येऊ शकते. शिवाय कंपनीला नुसती ताकद बघायची नसते. प्रदूषण, अ‍ॅव्हरेज, आवाज, हलक्या दर्जाचं पेट्रोल, सगळं सांभाळून ती आकडा ठरवते.

गिअर बदलण्याचाही हिशोब असतो. ६८०० ला गिअर बदलला आणि पुढच्या गिअरला काटा ४७०० वर पडला, तर ५५०० वर लावलेलं व्हीटेक सुटतं, आणि पुन्हा खड्ड्यातून चढायला लागतं.

पण जवळजवळ कंपनीच्याच स्थितीत असलेल्या इंजिनात हे सरकणं थोडंच असतं. मिळणारा फायदाही थोडाच. आमच्या मते हौस म्हणून, शिकण्यासाठी म्हणून करायचं असेल तर नीट करा. पोटाला चिमटा काढून करण्यासारखी ही गोष्ट नाही.

खरा धोका तारेत आहे

भाच्याची गाडी आम्ही ओळखीच्या एका उस्तादांकडे नेली. त्यांची सारी उमर इंजिनाखाली गेली आहे. त्यांनी बॉनेट उघडलं, पेटीची तार बोटाने शोधत गेले आणि म्हणाले, "सर, ह्यांनी ईसीयूला विचारलंच नाही. तार थेट सोलेनॉइडला दिलीय."

हे का वाईट, ते समजून घ्या. होंडाच्या या ईसीयूमध्ये लहान कॅमसाठी पेट्रोल आणि स्पार्कचं एक कोष्टक असतं, मोठ्या कॅमसाठी दुसरं. आपण बाहेरून कडी लावली तर ईसीयूला पत्ताच नसतो. तो लहान कॅमच्या हिशोबाने पेट्रोल देत राहतो, आणि आत हवा येत असते मोठ्या कॅमची. हवा आणि पेट्रोलचा हिशोब जुळत नाही. मिश्रण पातळ झालं तर उष्णता वाढते, इंजिन नॉक करायला लागतं. पूर्ण रेसवर हे वारंवार झालं तर पिस्टनला भोक पडेपर्यंत वेळ येते. उलट बाजूनेही तेच. भाच्याच्या पेटीने व्हीटेक उशिरा लागत होतं आणि ईसीयू आपला स्वतःच्या वेळेला दुसऱ्या कोष्टकावर गेलेला.

फार खालच्या आरपीएमला कडी लावणं यासाठीही चूक, की तिथे ऑईलचा दाब कमी असतो. पिन पूर्ण सरकली नाही, अर्धवट अडकून सुटत राहिली, तर पिनेच्या आणि रॉकरच्या कडा झिजतात. ते काम महाग आहे.

नीट मार्ग दोनच. एक, ईसीयूचीच कोष्टकं बदलणारा जाणकार ट्यूनर. दोन, असा कंट्रोलर जो ईसीयूच्या सिग्नलसोबत काम करतो आणि लहान-मोठ्या कॅमसाठी पेट्रोलची वेगवेगळी दुरुस्ती करू देतो. नुसतं बटण असलेली पेटी घेऊ नका.

सेटिंग करायची पद्धत

हे काम डायनोवर होतं. डायनो म्हणजे रोलर असलेलं यंत्र, त्यावर गाडी जागच्या जागी पळते आणि टॉर्क मोजला जातो. पायऱ्या अशा:

१. इंजिन पूर्ण गरम करा. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावा, म्हणजे मिश्रण किती जाड किती पातळ ते दिसत राहील.

२. व्हीटेकचा आकडा मुद्दाम खूप वर ठेवा, म्हणजे ते लागणारच नाही. पूर्ण रेसवर एक धाव घ्या. ही लहान कॅमची रेषा.

३. आता आकडा मुद्दाम खाली आणा, पण ऑईलचा दाब पुरेसा राहील इतकाच. पुन्हा धाव घ्या. ही मोठ्या कॅमची रेषा. दोन्ही वेळा मिश्रणावर नजर ठेवा. पातळ होतंय असं दिसलं की तिथेच थांबा.

४. दोन्ही रेषा एकावर एक ठेवा. छेदतील तो तुमचा आकडा.

५. व्हीटेक सुटण्याचा आकडा लागण्याच्या आकड्यापेक्षा थोडा खाली ठेवा, साधारण दोनशे आरपीएम. नाहीतर काटा त्याच आकड्याजवळ रेंगाळला की कडी लागत-सुटत राहते.

६. शेवटी पेट्रोल जुळवा. पूर्ण रेसवर एका भाग पेट्रोलला साधारण साडेबारा ते तेरा भाग हवा, असा बिनटर्बो इंजिनाचा सर्वसाधारण पल्ला आहे. नंतर पुन्हा एक धाव घेऊन खात्री करा.

"डायनो कशाला, रस्त्यावर बघू की," असं मुलं म्हणतात. तिसऱ्या गिअरला सहा हजार म्हणजे गाडी शंभरच्या पुढे गेलेली असते. आपल्या बायपासवर त्याच वेळी कोणी सायकलवर घरी जात असतो. आम्ही त्या संध्याकाळी गाडीत बसलो होतो, भाच्याला थांबवलं नाही, ही आमचीच चूक. आणि पाठीला बसणारा धक्का मोजमाप नसतं, हे तर वर पाहिलंच.

त्याआधी हे तपासा

जुन्या गाडीत "व्हीटेक जाणवत नाही" याचं कारण बहुतेक वेळा सेटिंग नसतं. ऑईलची लेव्हल कमी आहे का? ऑईल काळं, जुनं, किंवा चुकीच्या ग्रेडचं आहे का? सगळा खेळ ऑईलच्या दाबाचा आहे. सोलेनॉइडच्या मागे एक बारीक जाळी असते, ती गाळाने भरते. तिथली सील कडक होऊन ऑईल गळतं. मग टॅपेटची गॅप, प्लग, एअर फिल्टर आणि टायमिंग बेल्ट बघा. बेल्ट एक दात जरी सरकला असेल तरी बाकी सगळी सेटिंग व्यर्थ.

प्रत्येक गाडीचं व्हीटेक सारखं नसतं

२००६ मध्ये आपल्याकडे आलेल्या होंडा सिव्हिकच्या १.८ लिटर इंजिनातलं आय-व्हीटेक वेगळ्याच कामाला आहे. तिथे दुसरा कॅम ताकदीसाठी नाही, पेट्रोल वाचवण्यासाठी आहे. हलक्या लोडवर गाडी आरामात चालत असताना तो इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो. तिथे ही पेटी लावणं म्हणजे थर्मामीटरने वजन करणं.

मारुतीचं व्हीव्हीटी, टोयोटाचं व्हीव्हीटी-आय, ह्युंदाईचं व्हीटीव्हीटी यांत तर कडीच नसते. तिथे कॅमशाफ्ट सतत थोडा पुढे-मागे फिरवला जातो, ईसीयूच्या कोष्टकाप्रमाणे. "किती आरपीएमला लागतं?" हा प्रश्नच तिथे चुकीचा आहे.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली आहे. कोणताही बदल करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पीयूसी पास झाली म्हणून निश्चिंत राहू नका. ती तपासणी उभ्या गाडीची असते, साडेपाच हजार आरपीएमची नसते.

भाच्याच्या गाडीचं पुढे काय झालं?

उस्तादांनी पेटी काढली, तार पूर्ववत केली. ऑईल एक लिटरभर कमी निघालं. टॅपेट सैल होते, जाळीत गाळ होता. ते सगळं झाल्यावर आम्ही पुण्याला एका डायनोवर गाडी नेली. काढलेली पेटी फक्त तिथल्या मोजणीपुरती ट्यूनरच्या देखरेखीखाली पुन्हा जोडली. दोन रेषा काढल्या. त्या छेदल्या ती जागा कंपनीच्या आकड्याच्या इतकी जवळ निघाली, की ट्यूनर स्वतःच म्हणाला, "भाई, याला काही करू नका."

भाचा परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, गाडी आता जास्त पळते, पण कळत नाही."

"तेच तर," आम्ही म्हटलं.

डायनोचा तो कागद आता उस्तादांच्या गॅरेजमध्ये भिंतीवर चिकटवलेला आहे. नवीन पोरगा पेटी घेऊन आला की ते आधी त्याला कागदासमोर उभं करतात. आणि हो, पेटीचे पैसे परत मिळाले नाहीत. आईला ते भाच्याने स्वतःच सांगितलं.